बॅटरीवरचे दिवे कोणी तपासले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीला २६ वर्षे झाली. एवढी वर्षे माझे जाणे-येणे लोकलच्या सेकंड क्लासच्या महिला डब्यातून झाले आहे, त्यामुळे हे पत्र ऐकीव गोष्टींवर लिहिलेले नाही. गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री आमच्या डब्यातले दिवे गेले आणि आठ स्थानके होईपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ मिनिटे, आले नाहीत. त्या वेळात जे पाहिले आणि नंतर जे समजून घेतले, ते सांगायचे आहे.

मार्ग, स्थानके आणि गाडीची वेळ मी मुद्दाम लिहीत नाही. ती लिहिली की त्या रात्रीच्या पाळीतल्या कोणा एका कर्मचाऱ्याला जाब विचारला जाईल, त्याच्याकडून खुलासा घेतला जाईल आणि विषय तिथेच मिटेल. मला कोणा एकाला शिक्षा झालेली नको आहे. या शहरात रोज लोकलच्या तीन हजारांवर फेऱ्या होतात. माझ्या डब्यात झाले ते दुसऱ्या कोणाच्याही डब्यात होऊ शकते.

त्या दिवशी दुपारपाळी होती. रात्रपाळीच्या सिस्टरला ओव्हर देऊन, म्हणजे रुग्णांची माहिती आणि काम सोपवून, कपडे बदलून निघेपर्यंत साडेनऊ झाले. स्लो लोकल मिळाली, बसायला जागाही मिळाली. डब्यात चाळीसेक बायका असतील. माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी कानात इअरफोन घालून बसली होती. दाराशी भाजीच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून एक मावशी टेकल्या होत्या. खिडकीशी एक गरोदर बाई होती, सातवा महिना असावा; आमच्या नजरेला महिने कळतात. तीन स्थानके गेली आणि दिवे गेले. पंखेही फिरायचे थांबले.

कोणी काही बोलले नाही. लोकलने रोज जाणाऱ्याला क्षणभराच्या अंधाराची सवय असते. माझे पती कारखान्यात वायरमन होते. त्यांनी मला फार पूर्वी याचे कारण सांगितले होते. डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टची वीज असते आणि ती वेगवेगळ्या उपकेंद्रांतून येते. दोन उपकेंद्रांच्या विजेची फेज जुळत नाही, म्हणून त्यांच्या हद्दीवर तारेचा एक छोटा तुकडा विजेविना ठेवलेला असतो. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तिथे मोटरमन वीज तोडतो आणि गाडी आपल्या वेगाच्या जोरावर पलीकडे जाते. तेवढ्यात काही डब्यांतले दिवे मिचमिचतात किंवा विझतात आणि पंख्यांचा आवाज पडतो. मग सगळे पूर्ववत होते. पूर्वी डीसी आणि एसी अशा दोन प्रकारच्या विजेवर गाड्या धावत, तेव्हा त्या हद्दीवरही असेच व्हायचे. डीसीचा शेवटचा टप्पा २०१६ मध्ये हार्बर मार्गावर संपला. पण 'लाइट गेली, येईल' ही आमची सवय कायम राहिली.

त्या सवयीनेच मी मनात आकडे मोजायला लागले. नाडी मोजून मोजून माझे सेकंद घड्याळ नसतानाही फारसे चुकत नाहीत. वीसपर्यंत दिवे यायला हवे होते. साठ झाले. एकशेवीस झाले. तेव्हा कुठे मागून कोणीतरी म्हणाले, "अगं, पंखे पण बंद आहेत." दिव्यांबद्दल अजूनही कोणी बोलले नव्हते. तोवर एकेकीने मोबाइलचा टॉर्च लावला होता आणि डबा अर्धवट उजळला होता. मोबाइलच्या या उजेडामुळेच लोकलमधले दिवे गेल्याची तक्रार होत नाही, असे मला आता वाटते. ज्या बाईकडे साधा फोन आहे किंवा जिची बॅटरी दिवसभरात संपली आहे, ती शेजारणीच्या उजेडात बसते. घरी पोचली की तिलाही ते आठवत नाही.

पुढचे स्थानक आले. फलाटाचा उजेड दारांतून आत आला, काही बायका उतरल्या, गाडी सुटली आणि पुन्हा अंधार झाला. त्या अंधारात दाराशी एक उंच आकृती उभी दिसली. पुरुष की बाई, कळेना. मावशींनी विचारले, "कोण आहे?" उत्तर आले नाही. तेवढ्याने सगळा डबा गप्प झाला. माझ्या समोरच्या मुलीने इअरफोन काढले आणि बॅग पोटाशी धरली. मीही पर्समधली कात्री चाचपली. ड्रेसिंगची कात्री, बोथट टोकाची. शेवटी कोणीतरी टॉर्च त्याच्या तोंडावर मारला. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता, खांद्याला डिलिव्हरीची पिशवी. अंधारा डबा बघून त्याला वाटले, साधा डबा आहे, रिकामा आहे. "सॉरी, सॉरी," म्हणत तो दाराच्या दांड्याला चिकटून उभा राहिला आणि पुढच्या स्थानकावर गाडी पुरती थांबायच्या आत उतरून पळाला.

त्याचा काही दोष नव्हता. डब्याबाहेरचे पट्टे आणि पाटी त्याला दिसली नाही, आम्हाला तो दिसला नाही. पण त्या चार मिनिटांत डब्यातल्या प्रत्येक बाईने काय काय मनात आणले असेल, ते मला कळते, कारण मीही तेच मनात आणले. आणि तो मुलगा नसता, खरोखरच कोणी वाईट हेतूने चढलेला असता, तर त्याला यापेक्षा सोयीची जागा मिळाली नसती. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ५८ प्रमाणे प्रवासी गाडीत महिलांसाठी राखीव जागा ठेवावी लागते. रात्री महिला डब्यात पोलिस असतो, आता बऱ्याच डब्यांत कॅमेरेही आहेत. त्या रात्री पोलिस पुढच्या महिला डब्यात असावा. पण आमच्याच डब्यात असता, तरी काठी हातात घेऊन तोही आमच्यासारखाच अंधारात उभा राहिला असता. या सगळ्या उपायांना आधी माणूस दिसावा लागतो.

मला जास्त भीती वाटली ती त्यानंतर. गरोदर बाईचे स्थानक आले. ती उठली, दांड्याला धरून दारापर्यंत गेली. गाडी थांबली तेव्हा आमचा डबा फलाटाच्या टोकाला, छप्पर संपते तिथे आला होता. खाली उजेड नव्हता आणि आतही नव्हता. डब्याची कड कुठे संपते, फलाट किती खाली आहे, मधली फट केवढी आहे, यातले काहीही दिसत नव्हते. तिने एक पाय हवेत धरला आणि अंदाज घेऊ लागली. पोट पुढे आलेले असले की स्वतःचे पाऊल उजेडातसुद्धा दिसत नाही. मी तिचा दंड धरला, मावशींनी दुसऱ्या बाजूने धरले. तिची एक चप्पल फटीतून खाली गेली. ती उतरली, गाडी सुटली, आणि ती एका चपलेवर फलाटावर उभी राहिलेली मी पाहिली.

फलाट आणि डबा यांतल्या फटीने या शहरात माणसांचे हातपाय गेले आहेत. त्यावर उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर अनेक फलाटांची उंची वाढवली गेली. ते काम झाल्याचा फायदा रोज दिसतो. पण वाढवलेल्या उंचीवर पाय ठेवायला आधी ती दिसायला हवी. कॅज्युअल्टीत काम केले तेव्हा गाडीतून पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कसे पडलात, हे केसपेपरवर लिहिले जाते. गाडीत उजेड होता का, हे विचारलेले मी कधी ऐकले नाही. मी स्वतःही कधी विचारले नाही, याची मला त्या रात्रीपासून टोचणी आहे.

मधल्या काळात मी तक्रार करायचा प्रयत्न केला. काही डब्यांत दाराजवळ गार्डशी बोलायचे बटण असते. आमच्या डब्यात ते होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. हाताने भिंत चाचपली, सापडले नाही. मग एका मदतवाहिनीवर फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने गाडी विचारली, सांगितली. कोणते स्थानक गेले, ते विचारले. इथे जरा अडखळले, कारण डब्यातली घोषणाही बंद पडली होती आणि इंडिकेटरही, पण सांगितले. मग त्याने विचारले, "मॅडम, डब्याचा नंबर सांगता का?"

डब्याचा नंबर आतल्या भिंतीवर रंगवलेला असतो. एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने तो कसा शोधायचा? समोरच्या मुलीने तिचा टॉर्च धरला. आम्ही दोघी दाराच्या वरची पट्टी बघत गेलो, मग आडवी भिंत. जाहिरातींचे कागद, कोणी कोरलेली नावे, सूचना. नंबर सापडला तेव्हा त्यातले दोन आकडे एका फाटक्या जाहिरातीखाली गेले होते. ते खरवडून वाचेपर्यंत फोन कट झाला. पुन्हा लावला तर व्यस्त. तोवर माझे स्थानक आले.

उतरण्याआधी गाडी एका वळणावर होती, तेव्हा मी दारातून पुढे पाहिले. पुढचे डबे लख्ख उजळलेले होते. आमचा आणि त्याच्या बाजूचे एवढेच काळे. घरी येऊन पतींना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या माहितीप्रमाणे १२ डब्यांची लोकल म्हणजे मोटर डबा आणि त्याच्या सोबतचे डबे अशा तुकड्यांची जोडलेली माळ असते. तारेतली वीज मोटर डब्यावर उतरते आणि तिथून त्या तुकडीतल्या डब्यांच्या दिव्या-पंख्यांना मिळते. त्या एका जागी बिघाड झाला की तेवढेच डबे अंधारतात आणि बाकीची गाडी नीट धावत राहते. मोटरमनला पुढून आणि गार्डला मागून आमचा अंधार दिसतच नाही.

मग ते म्हणाले, "पण बॅटरीवरचे दिवे का नाही लागले?"

संपादक महोदय, माझे सगळे पत्र या एका प्रश्नासाठी आहे. वरून वीज गेली तरी प्रत्येक डब्यात निदान दोन-चार दिवे बॅटरीवर लागावेत, अशी सोय लोकलमध्ये आहेच. मी स्वतः ते दिवे लागलेले पाहिले आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी माझी लोकल दोन स्थानकांच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. तारेतली वीज बंद होती. तरी संध्याकाळ झाल्यावर डब्यात दोन दिवे पिवळसर जळत होते. ते हळूहळू मंद होत गेले आणि रात्री कधीतरी विझले. तोवर आम्ही एकमेकींचे चेहरे ओळखू लागलो होतो, एका बाईचे बाळ दूध पिऊन झोपले होते, पाणी कोणाकडे किती आहे ते मोजून झाले होते. दिवे विझल्यावर कोणी घाबरून उडी मारली नाही, कारण पहिले काही तास उजेडात गेले होते. त्या दोन दिव्यांचे मोल मला तेव्हा कळले.

वीज जाणार, हे गृहीतच धरले पाहिजे. कधी न्यूट्रल सेक्शन, कधी तारेवर पडलेली फांदी, कधी पाणी, कधी मोटर डब्यातला बिघाड. १२ ऑक्टोबर २०२० ला तर सकाळी दहाच्या सुमारास ग्रीडच, म्हणजे वीजपुरवठ्याचे जाळेच, कोलमडली आणि मुंबईतल्या लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालत होत्या आणि मी रात्रपाळी करून घरी निघाले होते. दिवस होता, गर्दी नव्हती, खडी दिसत होती, शेजारच्या रुळावर काही येते का ते दिसत होते. आम्ही सावकाश उतरलो आणि चालत गेलो. तीच घटना रात्री दहाला भरलेल्या गाडीत घडली असती, तर तीच खडी आणि तेच रूळ केवढे धोक्याचे झाले असते!

म्हणून वीज गेली, याचा मला राग नाही. यंत्र आहे, बिघडणार. पण बॅटरीवरचा दिवा वीज गेल्यावर उपयोगी पडावा यासाठीच बसवलेला असतो. तो त्या वेळी लागला नाही, याचा अर्थ तो आधी केव्हातरी बिघडला होता आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. कारण सगळे दिवे चालू असताना बॅटरी मेलेली आहे, हे दिसत नाही. मुद्दाम वीज तोडून पाहिल्याशिवाय ते कळतच नाही. पहिला बिघाड कोणाच्या हातात नव्हता, दुसरा होता.

आमच्या वॉर्डात इमर्जन्सी ट्रॉली असते. तिच्यावर लॅरिंगोस्कोप नावाचे उपकरण असते. श्वास बंद पडत असलेल्या रुग्णाच्या घशात नळी घालताना डॉक्टर त्याने आत पाहतात. त्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा असतो. तो दिवा महिनाभर कोणी वापरत नाही, आणि मग एखाद्या रात्री अचानक तो लागावाच लागतो. म्हणून ड्युटी घेताना प्रत्येक पाळीची सिस्टर ते पाते उघडते, दिवा लागतो का बघते, सेल बदलायचे असतील तर बदलते आणि रजिस्टरमध्ये वेळ घालून सही करते. दिवसातून तीन वेळा. सही असली की दिवा नक्की लागेल असे नाही, पण नाही लागला तर शेवटचा कोणी आणि किती वाजता पाहिला, हे कळते. मी शिकाऊ होते तेव्हा आमच्या मेट्रननी एकदा मला न पाहता सही केल्याबद्दल सगळ्यांसमोर उभे केले होते. त्या वेळी अपमान वाटला. नंतर एका रात्री तो दिवा लागला आणि एक माणूस वाचला, तेव्हापासून मी एकही सही न पाहता केलेली नाही.

लोकलच्या कारशेडमध्ये देखभालीचे वेळापत्रक असते आणि तिथली माणसे अपुऱ्या वेळात, रात्री-अपरात्री राबतात. हे मी जाणते. त्यांच्यातले काही आमच्याकडे शॉक लागून, हात चिरडून येतात, तेही मी पाहिले आहे. त्यांच्या कामात मी शहाणपण शिकवू इच्छित नाही. एवढेच मागते की गाडी संध्याकाळच्या फेऱ्यांना निघण्याआधी मुख्य वीज तोडून मिनिटभर बॅटरीवरचे दिवे लावून पाहावेत, प्रत्येक डब्यात, आणि ते पाहिल्याची तारीख डब्यात प्रवाशांना दिसेल अशी चिकटवावी. आग विझवायच्या सिलिंडरवर भरल्याची तारीख असते, तशीच. आता डब्यांत एलईडी दिवे आहेत. ते कमी वीज खातात, म्हणजे त्याच बॅटरीवर जास्त वेळ टिकू शकतात. तपासणीशिवाय मात्र तो फायदा आमच्यापर्यंत पोचत नाही.

धावत्या गाडीत डबा अंधारला तर काय करायचे, याचाही काही ठरलेला क्रम हवा. यावर वक्तशीरपणाचा प्रश्न येईल, आणि तो खरा आहे. संध्याकाळी सहाला एक गाडी काढून घेतली तर तिची हजारो माणसे मागच्या गाड्यांच्या दारांत लटकतील, आणि त्यातून अंधारापेक्षा मोठा अपघात होईल. मी कॅज्युअल्टीत काम केलेली बाई आहे. कोणाला आधी घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हा निर्णय सोपा नसतो हे मला माहीत आहे. गर्दीच्या वेळी अंधारा डबा शेवटच्या स्थानकापर्यंत न्यावा लागेल, तर न्यावा. पण गार्डला ते कळलेले असावे. गाडी प्रत्येक स्थानकावर थोडी जास्त थांबावी. पोलिस पुढच्या डब्यात असेल तर त्याला या डब्यात पाठवावे. फलाटावर घोषणा करून सांगावे की अमुक डब्यात दिवे नाहीत, ज्यांना बदलायचे त्यांनी बदला. आणि शेवटच्या स्थानकावर पोचल्यावर ती गाडी तशीच परत पाठवू नये.

रात्रीच्या शेवटच्या दोन-तीन गाड्यांना तर ही सवलतही नको. शेवटच्या लोकलच्या मागे दुसरी लोकल नसते. तिच्यात हॉटेलातल्या, मॉलमधल्या, कॉल सेंटरमधल्या मुली असतात, आमच्यासारख्या सिस्टर असतात, धुणीभांडी आटोपून निघालेल्या बायका असतात. अंधारा डबा दिसला म्हणून 'पुढच्या गाडीने जाते' असे त्या म्हणू शकत नाहीत. सुरुवातीच्या स्थानकावरच ज्या गाडीचा एक डबा काळा आहे, ती शेवटची गाडी म्हणून निघताच कामा नये. तिच्याऐवजी दुसरी गाडी लावायला दहा मिनिटे लागली, तरी आम्ही थांबू.

अजून एक गोष्ट आहे आणि तिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दारातले प्रवासी पडून जे मृत्यू झाले, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे लावायचे ठरले. हा निर्णय योग्य आहे. दारातून पडणाऱ्यांना मी ज्या अवस्थेत पाहिले आहे, त्यानंतर बंद दरवाज्याला मी कधीही विरोध करणार नाही. वातानुकूलित (एसी) लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून बंद दरवाज्यांनी धावतातच. पण उघड्या दाराच्या डब्यात दिवे गेले तर निदान फलाटाचा, शेजारच्या गाडीचा, इमारतींचा उजेड आत येतो आणि वारा येतो. बंद दाराच्या, खच्चून भरलेल्या डब्यात वीज गेली तर उजेड, हवा आणि बाहेर पडायची वाट या तिन्ही गोष्टी एकदम जातात. १९ ऑगस्ट २०२५ ला म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कदरम्यान मोनोरेल वीज तुटून अडकली, तेव्हा अग्निशमन दलाला शिड्या लावून माणसे उतरवावी लागली. गुदमरलेल्यांना उपचार द्यावे लागले. अशा वेळी श्वास लागतो तो नुसत्या हवेच्या कमतरतेने नाही. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, हातपाय मुंग्यांनी भरतात, त्याला वाटते आपण आता मरणार, आणि त्याचे बघून शेजारचा घाबरतो. वॉर्डात अशा रुग्णाला आम्ही पहिली गोष्ट सांगतो, "माझ्याकडे बघा." अंधारात ते कसे सांगणार? नव्या गाड्यांची रचना करणाऱ्यांनी दरवाजा आणि हवेच्या झडपांइतकाच विचार या बॅटरीवरच्या दिव्यांचा करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. दार हाताने उघडायचा खटका कुठे आहे, हे अंधारातही दिसले पाहिजे.

त्यासाठी फार काही लागत नाही. अंधारात चमकणारा रंग जिन्यांवर, विमानांत, इस्पितळांच्या बाहेर पडायच्या वाटांवर वापरतातच. दाराची कड, गार्डशी बोलायचे बटण, साखळीचा दांडा आणि डब्याचा नंबर, एवढ्या चार ठिकाणी तो लावला तर वीज असो वा नसो, बाई चाचपडणार नाही. साखळी विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे डब्यात लिहिलेले असते आणि त्याच धाकाने त्या रात्री आमच्यातल्या कोणीही साखळीला हात लावला नाही. पूर्ण अंधार झालेला महिला डबा हे 'सबळ कारण' आहे की नाही, हेही प्रशासनाने एकदा स्पष्ट शब्दांत सांगून टाकावे. आम्ही धावत्या गाडीत उगाच साखळी ओढणार नाही. मागच्या गाडीत आमच्याच बहिणी असतात.

वाचक भगिनींना आणि बंधूंनाही एक विनंती. दिवे गेले आणि मनात साठ मोजेपर्यंत आले नाहीत, तर ते न्यूट्रल सेक्शन नाही. तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून गप्प बसू नका. १३९ वर किंवा रेल्वे पोलिसांच्या १५१२ वर सांगा, निदान उतरल्यावर तरी सांगा. उतरणाऱ्यांसाठी दाराच्या कडेवर उजेड धरा. आणि डब्यात कोणी गरोदर, म्हातारे, अंध असेल तर त्यांना आधी विचारा की कुठे उतरायचे आहे.

त्या मुलीचे आणि माझे स्थानक एकच निघाले. फलाटावर उतरल्यावर तिने तिच्या फोनवर काढलेला फोटो मला दाखवला: फाटकी जाहिरात आणि तिच्याखालचा डब्याचा अर्धा नंबर. तो घेऊन मी दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पत्र लिहीपर्यंत तरी उत्तर आलेले नाही. आता मी डब्यात चढले की बसायच्या आधी नंबर शोधते आणि दिवे आहेत तोवर तो पासच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवते. काल त्या मुलीलाही तसेच करताना पाहिले.

आपली नम्र,
एक पासधारक परिचारिका
(कृपया नाव छापू नये.)